देठ न तोडता

ओहायो नदीच्या काठावर व्हीलिंग नावाचे शहर आहे. आज ते वेस्ट व्हर्जिनियात मोडते. 1840 च्या दशकात ते राज्य अस्तित्वात नव्हते आणि व्हीलिंग व्हर्जिनियात होते. तिथे सायमन हलिहेन नावाचे सर्जन तोंडाचे, दातांचे आणि जबड्याचे आजार बघत. त्यांच्याकडे वीस वर्षांची एक तरुणी आली. पाच वर्षांची असताना तिची मान आणि चेहऱ्याचा खालचा भाग भाजला होता. जखम भरली, पण व्रणाची कातडी आखडत गेली आणि तिने हनुवटी छातीकडे ओढून धरली. मूल वाढत होते, त्याचे हाड वाढत होते, व्रण मात्र वाढत नव्हता. पंधरा वर्षे त्या ओढीखाली वाढलेला खालचा जबडा पुढे लांबला, पुढचे दात बाहेर झुकले, खालचा ओठ उलटा झाला. तोंड मिटेना. लाळ आवरेना.

कोणीही सर्जन आधी व्रणाकडे वळला असता, कारण दुखणे तिथूनच सुरू झाले होते. हलिहेन आधी हाडाकडे वळले. कातडी सोडवली तरी लांबलेला जबडा तसाच राहणार आणि त्यावर ओठ बसणार नाही, हे त्यांनी ओळखले. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी हाडाची एकेक पाचर करवतीने काढली. मग आडवा छेद देऊन पुढच्या दातांचा हाडासकट तुकडा मोकळा केला आणि मागे सरकवून बसवला. हाडाची खालची कड शाबूत ठेवली. तुकडा जागेवर धरून ठेवण्यासाठी मेणात दातांचा ठसा घेऊन त्याबरहुकूम धातूची पट्टी तयार केली. हाड जुळल्यावर मानेचा व्रण सोडवून तिथे नवी कातडी आणली, आणि शेवटी ओठ दुरुस्त केला. 1849 साली त्यांनी ही हकिगत दंतवैद्यकाच्या एका अमेरिकी नियतकालिकात छापली. चेहऱ्याची ठेवण सुधारण्यासाठी जबडा कापून दुसऱ्या जागी बसवल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

त्या काळात सर्जनच्या हाती काय होते ते आठवून बघावे. ईथरची भूल बॉस्टनमध्ये जगाला दिसली ती ऑक्टोबर 1846 मध्ये. जंतुनाशके वापरून शस्त्रक्रिया करण्याची लिस्टर यांची पद्धत 1867 ची. क्ष-किरण 1895 चे. पेनिसिलिनला तर जवळजवळ शतक अवकाश होता. तरीही या एका प्रकरणात पुढच्या सव्वाशे वर्षांचे दोन मोठे धडे आधीच आलेले आहेत. पहिला असा की जे वाकडे दिसते, त्याचे कारण दुसरीकडे असू शकते. दुसरा असा की कापलेला तुकडा पूर्ण सुटा करायचा नसतो. त्याला चिकटलेली हिरडी, स्नायू, मऊ मांस तसेच राहू द्यायचे असते, कारण रक्त तिथूनच येते.

हा दुसरा धडा आपल्याकडे त्याआधी अर्धशतक पुण्यात गिरवला गेला होता, नाकाच्या बाबतीत. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा 1792 च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नाक करून दिले. हा कारागीर विटा घडवणाऱ्या कुंभारांच्या जातीचा होता, एवढेच इंग्रजी वृत्तान्त सांगतो. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि ऑक्टोबर 1794 च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनला ती चित्रासह छापून आली. कपाळाची कातडी मापाने कापून खाली वळवायची. पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिचे देठ तोडायचे नाही. नव्या जागी ती रुजली, की साधारण 25 दिवसांनी देठ कापायचे. जोसेफ कार्प्यू यांनी हे वाचून पुढे लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ‘भारतीय पद्धत’ रूढ झाली. त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्यांची नावे आहेत. ज्याच्या हातांनी काम केले त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. मला ही उणीव फार सलते. शल्यविद्येच्या जागतिक इतिहासात आदराने घ्यावे असे नाव त्यामुळे आपण गमावले आहे.

कातडीचे देठ डोळ्यांना दिसते. हाडाचे देठ दिसत नाही. म्हणूनच नाक अठराव्या शतकातच साधत होते, आणि जबड्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

हलिहेन यांचा मार्ग पुढे कोणी लगेच धरला नाही. पुढचे पाऊल पडले ते 1897 मध्ये, सेंट लुईस शहरात. रुग्ण वैद्यकीचाच एक तरुण विद्यार्थी होता. त्याचा खालचा जबडा इतका पुढे आलेला होता की पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. सर्जन होते विल्रे ब्लेअर, वय अवघे सव्वीस. त्यांनी खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी हाडाचा एकेक तुकडा पूर्ण काढून टाकला आणि हनुवटीसकट पुढचा भाग मागे आणून जोडला. दातांच्या बाजूने जेम्स व्हिपल आणि एडवर्ड अँगल या दोघांची नावे या प्रकरणाशी जोडलेली आहेत. 1898 मध्ये ‘डेंटल कॉसमॉस’ या मासिकात दोघांनीही त्यावर स्वतंत्रपणे लिहिले. ब्लेअर यांनी मात्र यातून फार मोठी गोष्ट घेतली. 1907 च्या आपल्या लेखात त्यांनी जबड्याच्या व्यंगांची वर्गवारी केली आणि आग्रहाने मांडले की हाडाचा दोष सर्जनने दूर करायचा असला, तरी दातांच्या ठेवणीचा जाणकार जितक्या लवकर सोबत येईल तितके रुग्णाचे भले होईल. आज बहुतेक चांगल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेआधी महिनोन्महिने दातांना तारा लावतात. त्या शिरस्त्याचे बीज ब्लेअर यांच्या या आग्रहात दिसते.

एडवर्ड अँगल या माणसापाशी थोडे थांबायला हवे. दात सरळ करण्याच्या कामाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा त्यांनी मिळवून दिला. वरच्या आणि खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून 1899 मध्ये त्यांनी केलेले तीन वर्ग आजही दंतमहाविद्यालयात पहिल्याच धड्यात शिकवतात. सगळे दात तोंडात असावेत, ते नीट जुळावेत, मग चेहरा आपोआप समतोल होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. पण समतोल म्हणजे काय? त्यासाठी त्यांनी व्हॅटिकनमधल्या बेल्व्हेडेअर अपोलोच्या पुतळ्याचा चेहरा आदर्श म्हणून पुढे ठेवला. त्यांचे स्नेही एडमंड वुअरपेल सेंट लुईसमध्ये चित्रकला शिकवत. सुंदर चेहऱ्याचा नियम सांगा, असे अँगल यांनी त्यांना विचारले. वुअरपेल यांचे म्हणणे असे पडले की असा एकच साचा नसतो. प्रत्येक चेहऱ्याचा तोल त्याच्यापुरता असतो. अँगल यांनी हे मत आपल्या ग्रंथात नोंदवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी मात्र ग्रीक पुतळा लक्षात ठेवला आणि चित्रकाराचा सल्ला विसरले. कोनांची कोष्टके आली, मापे ठरली, आणि ती मापे बहुतेक गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांवरून काढलेली होती. पुढे भारतात, महाराष्ट्रातल्या दंतमहाविद्यालयांतही, इथल्या लोकांच्या चेहऱ्यांची मापे घेऊन ती कोष्टके तपासावी लागली. इथले ओठ थोडे पुढे असतात, म्हणून त्यांना व्यंग म्हणून चालणार नव्हते.

या सगळ्यात वरच्या जबड्याचा कोणी विचार करत नव्हते. तो कवटीला घट्ट जोडलेला, नाकाच्या आणि डोळ्यांच्या पोकळ्यांना चिकटलेला, मागे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी दडलेला. त्याचा नकाशा आला तो फ्रान्समधल्या लील शहरातून, आणि फार कठोर रीतीने आला. रने ले फोर यांनी 35 मृतदेहांच्या डोक्यांवर प्रयोग केले. कधी लाकडी सोट्याने चेहऱ्यावर घाव घातला, कधी डोके टेबलाच्या कडेवर आपटले, मग मऊ भाग काढून हाड कुठे तुटले ते पाहिले. हाड वाटेल तसे फुटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ते ठरावीक तीन रेषांवर तुटते. सगळ्यात खालची रेषा दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाते आणि टाळूसकट दातांची सगळी कमान वेगळी करते. दुसरी नाकाच्या मुळाशी चढते. तिसरी अख्खा चेहरा कवटीपासून सुटा करते. 1901 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची ती डोकी होती त्यांना कोणी विचारले नव्हते, हे या नकाशाखाली लिहिलेले असायला हवे. ले फोर यांना अपघाताचा अभ्यास करायचा होता. पण जिथे हाड आपणहून तुटते तिथेच ते जाणूनबुजून कापता येईल, हे पुढच्या पिढीने त्यातून घेतले, आणि वरचा जबडा हलवण्याच्या शस्त्रक्रियेला त्यांचेच नाव पडले.

मग पहिले महायुद्ध आले. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यावर गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे आदळत. खालचा जबडा उडालेला माणूस जखमेने लगेच मरत नसे. त्याला शिरस्त्याप्रमाणे उताणे झोपवून नेत, जीभ मागे पडे आणि तो वाटेत गुदमरून मरे. अशा जखमीला बसवून, डोके पुढे वाकवून न्यायचे, हे शिकायलाही बरेच जीव जावे लागले.

या युद्धात जबड्याचे शास्त्र ज्यांच्या हातांत वाढले, त्यांतले कितीतरी जण दंतवैद्य होते. चार्ल्स व्हॅलाडिए हे फ्रान्समधले अमेरिकी वळणाचे दंतवैद्य. आपल्या रोल्स-रॉइस गाडीत त्यांनी दंतवैद्याची खुर्ची बसवून घेतली होती. न्यूझीलंडहून आलेल्या हॅरॉल्ड गिलीज नावाच्या तरुण कान-नाक-घशाच्या सर्जनने जबडे जोडण्याचे काम पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. वराझटाड काझान्जियान हे ऑटोमन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले आर्मेनियन. वुस्टरच्या तारेच्या कारखान्यात मजुरी करता करता शिकले, हार्वर्डमधून दंतवैद्य झाले, आणि 1915 मध्ये हार्वर्डच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेले. कारखान्यात तार वळवण्याची सवय झालेल्या हातांनी त्यांनी हजारो सैनिकांच्या जबड्यांचे तुकडे तारेने आणि दातांवर बसवलेल्या पट्ट्यांनी धरून ठेवले. त्याआधी अनेक सर्जन जखमेची कातडी घाईने ओढून शिवत. खाली हाडाचा आधार नसल्यामुळे ती आत कोसळे आणि माणसाला हनुवटीच उरत नसे. आधी हाडाची चौकट, मग वरचे मांस, हा क्रम काझान्जियान यांच्यासारख्यांनी पक्का केला. व्हीलिंगच्या हलिहेन यांचा क्रमही हाच होता.

लंडनजवळ सिडकप इथे 1917 मध्ये क्वीन्स हॉस्पिटल उघडले. गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे 5000 हून अधिक माणसांवर 11000 हून अधिक शस्त्रक्रिया केल्या. गिलीज कातडीचे देठ नळीसारखे गुंडाळून शिवत, म्हणजे ते सुकत नसे आणि त्यात जंतूही शिरत नसत; दंतवैद्य विल्यम केल्सी फ्राय हाड आणि दात सांभाळत. वॉर्डांत आरसे ठेवत नसत. हॉस्पिटलबाहेरच्या रस्त्यावर काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती, म्हणजे तिथे कोण बसलेले असेल याची गावकऱ्यांना कल्पना असावी. व्यंग असलेल्या चेहऱ्याचे दुःख केवळ दिखाव्याचे असते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या निळ्या बाकांचा विचार करावा.

युद्धानंतर ही कौशल्ये शांततेच्या काळातल्या चेहऱ्यांकडे वळली आणि तिथे थोडी भरकटलीही. हाडाला हात न लावता हनुवटी भरण्याचे उपाय निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅराफिनचे मेण कातडीखाली टोचण्याची लाट आली होती. ते मेण सरकत असे, त्याच्या गाठी होत, कातडी सडे. गुस्ताव ऑफ्रिख्ट यांची 1934 ची युक्ती त्यामानाने बरीच समंजस होती: मोठ्या नाकाचे उंचवटे तासताना निघालेले हाड आणि कूर्चा वाया न घालवता त्याच रुग्णाच्या आत गेलेल्या हनुवटीत बसवायची. नाक कमी झाले, हनुवटी वाढली, तोल दोन्हीकडून साधला. पण चावताना दात भेटत नसतील, तर त्या दुखण्याला या उपायाचा काही उपयोग नव्हता. पुढे सिलिकॉनचे तयार तुकडे आले, त्यांचेही तसेच.

हाड हलवणारे त्या काळात धडपडत होते. प्राग शहरातल्या कोस्तेच्का यांनी कानाखालून कातडीतून तारेची करवत आत घालून, हाड न बघता, अंदाजाने जबडा कापण्याची पद्धत काढली. शेजारूनच चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जाते. ती वाचली तरी हाडाच्या दोन अरुंद कडा एकमेकींना नीट टेकत नसत, आणि स्नायूंच्या ओढीने जबडा पुन्हा जुन्या जागी सरके. बर्लिनच्या मार्टिन वासमुंट यांनी 1927 मध्ये ले फोर यांच्या खालच्या रेषेवर वरचा जबडा कापला, पण पूर्ण मोकळा करण्याचे धाडस केले नाही. नंतर रबराच्या ओढीने तो हळूहळू खेचला. त्यांना भीती वाटत होती ती रास्तच होती. पूर्ण सुटा झालेला जबडा मेला, तर माणसाच्या तोंडाचे छतच जाणार.

याच काळात एक शांत क्रांती झाली, तिचा गाजावाजा कमी झाला. 1931 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हॉली ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत होफ्राट यांनी डोके एका ठरावीक चौकटीत धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत बसवली. आता कवटीच्या तळापासून वरचा जबडा किती पुढे, खालचा किती मागे, हे मोजता येऊ लागले. आजवर खालचा जबडा मोठा म्हणून ज्यांना शिक्का मारला होता, त्यांतल्या कितीतरी जणांचा खालचा जबडा बरोबर होता. वरचाच खुजा राहिला होता. टाळू दुभंगलेली मुले लहानपणी शस्त्रक्रिया होऊन मोठी झाली की त्यांच्यात हे विशेष दिसे, कारण टाळूवरच्या व्रणाने वरच्या जबड्याची वाढ अडलेली असे. तरीही सर्जन खालचाच जबडा कापत राहिले. हात तिथेच पोहोचत होता.

ह्युगो ओब्वेगेझर यांचा जन्म 1920 चा, ऑस्ट्रियातल्या होहेनेम्स गावचा. ग्राझ शहरात रिचर्ड ट्राउनर यांच्या हाताखाली ते जबड्याची शल्यविद्या शिकले. ट्राउनर हे व्हिएन्नाच्या हान्स पिखलर यांच्या परंपरेतले. सिग्मंड फ्रॉइड यांच्या तोंडातल्या कर्करोगावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करणारे ते पिखलर हेच. 1953 मध्ये ग्राझला ओब्वेगेझर यांनी खालच्या जबड्यावर वेगळाच छेद घेतला. तोवर जबड्याची मागची उभी फळी आडवी किंवा तिरकी तोडत. त्यांनी ती जाडीतून चिरली, म्हणजे हाडाचा बाहेरचा पापुद्रा मागच्या सांध्याकडे राहिला आणि आतला पापुद्रा दातांच्या भागाबरोबर सुटला. काडेपेटीचा खण जसा बाहेरच्या खोक्यात पुढेमागे सरकतो, तसे हे दोन थर एकमेकांवरून सरकू लागले. जबडा मागे न्यायचा असो वा पुढे आणायचा असो, हाडाला हाड भरपूर टेकत होते, त्यामुळे ते लवकर जुळत होते. आणि हे सगळे तोंडाच्या आतून. चेहऱ्यावर एकही व्रण नाही.

तोंडाच्या आतून हाड कापणे हे त्या काळच्या अनेक सर्जनांना अविचाराचे वाटे. लाळेत जंतू असतात, हाड सडेल, अशी त्यांची खात्री होती. पेनिसिलिनमुळे ही भीती मागे पडली. 1955 मध्ये जर्मनमध्ये आणि 1957 मध्ये इंग्रजीत ट्राउनर व ओब्वेगेझर यांचे लेख आले. 1957 च्याच लेखात हनुवटीचीही गोष्ट आहे. ऑटो होफर यांनी 1942 मध्ये हनुवटीची खालची कड आडवी कापून पुढे सरकवण्याची कल्पना मांडली होती, तीही बाहेरून छेद घेऊन आणि मृतदेहावर. ओब्वेगेझर यांनी खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन ती जिवंत रुग्णावर केली. आज हनुवटीचे हाड कापून पुढे, मागे, वर किंवा एका बाजूला नेतात, ते याच वाटेने. यात परके काही बसवायचे नसते. माणसाचे स्वतःचेच हाड, मागच्या आणि खालच्या स्नायूंना लटकलेले, थोडे सरकते आणि नव्या जागी जुळते. सिलिकॉनच्या तुकड्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे, पण मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

1961 मध्ये इटलीच्या दाल पोंत यांनी बाहेरचा छेद दाढांपर्यंत पुढे आणून हाडांचा संपर्क आणखी वाढवला. हन्सक आणि एपकर या सर्जनांनी पुढच्या वर्षांत मांस कमी सोलण्याच्या सुधारणा केल्या. त्यांची कारणे पुन्हा तीच होती: जितके मांस चिकटलेले राहील, तितके हाड जिवंत राहील.

एव्हाना ओब्वेगेझर झुरिकला गेले होते. तिथे त्यांनी वरच्या जबड्याला हात घातला. ले फोर यांच्या खालच्या रेषेवर हाड कापायचे, मागचा जोडही सोडवायचा, आणि जबडा इतका मोकळा करायचा की तो कुठल्याही ओढीशिवाय नव्या जागी स्वस्थ बसेल. मग फटीत हाडाचे कलम भरायचे. 1965 च्या सुमारास हे काम जगापुढे आले. टाळूची मऊ कातडी आणि मागचे मांस शाबूत राहिले तर एवढा मोठा भाग जगतो, हे त्यांच्या रुग्णांनी दाखवले. 1966 मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांनी अमेरिकी सर्जनांपुढे आपल्या शस्त्रक्रिया मांडल्या. त्या व्याख्यानांनंतर अमेरिकेत या विद्येला वेग आला. 1970 मध्ये ओब्वेगेझर यांनी एकाच बैठकीत वरचा जबडा पुढे आणि खालचा मागे नेल्याचे प्रसिद्ध केले. दोष दोन्हीकडे वाटून असेल तर दुरुस्तीही दोन्हीकडे वाटून घ्यावी, एका जबड्यावर सगळा भार टाकू नये, हा विचार तेव्हापासून रुजला.

जगतो हे दिसले होते; का जगतो हे कळायचे होते. टेक्ससमध्ये विल्यम बेल यांनी 1969 पासून ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. त्यांचे जबडे माणसांच्या शस्त्रक्रियेप्रमाणे कापले, ठरावीक दिवसांनी प्राणी मारून रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य भरले आणि हाडाचे पातळ काप तपासले. टाळूच्या आणि हिरड्यांच्या मऊ भागातून रक्त कापलेल्या हाडात पोहोचते, तेवढ्यावर ते जगते आणि जुळते, हे डोळ्यांना दिसले. पुण्याच्या कारागिराने कपाळाच्या कातडीबाबत जे जाणले होते, ते हाडाबाबत सिद्ध व्हायला इतका काळ आणि इतके मुके प्राणी खर्ची पडले. आज ऑपरेशनच्या टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेत त्या माकडांचा वाटा आहे, आणि तो सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

यानंतरचा प्रवास भराभर झाला. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर दात तारेने आवळून तोंड साधारण सहा आठवडे बंद ठेवत. रुग्ण पातळ अन्नावर राही आणि झपाट्याने वाळे. 1970 च्या दशकात लहान पट्ट्या आणि स्क्रू आले. स्ट्रासबुर्गच्या माक्सिम शाम्पी यांनी जबड्यावर ताण कुठल्या रेषांवर येतो ते अभ्यासून छोट्या पट्ट्या नेमक्या तिथे बसवल्या, आणि रुग्ण थोड्या दिवसांत तोंड उघडू लागला. पॅरिसच्या पॉल टेसिए यांनी तर त्याआधीच ले फोर यांच्या तिसऱ्या रेषेवर अख्खा चेहरा पुढे आणला. 1980 च्या दशकात स्टॅनफर्डच्या रायली आणि पॉवेल यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांचे दोन्ही जबडे पुढे सरकवले. जिभेमागची वाट रुंदावली आणि श्वास मोकळा झाला. ही शस्त्रक्रिया चैनीची असते, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

आपल्याकडे या विद्येचा एक खास उपयोग आहे. लहान मूल हनुवटीवर पडते, किंवा कान फुटून वाहत राहतो आणि उपचार होत नाहीत. कानापुढचा सांधा जखडतो, तोंड उघडत नाही, जबड्याची वाढ थांबते आणि हनुवटी गळ्यात शिरल्यासारखी दिसू लागते. अशी मुले मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंतमहाविद्यालयांत येतात. आधी सांधा मोकळा करावा लागतो, आणि बऱ्याचदा जबडा लांबवावाही लागतो. सैबेरियातल्या कुर्गान शहरात इलिझारोव्ह यांनी पायाचे हाड कापून रोज सुमारे एक मिलिमीटर ताणत लांबवण्याची रीत काढली होती. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी ती लहान मुलांच्या जबड्यावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. हाड हळू ताणले की स्नायू, कातडी, रक्तवाहिन्याही सोबत वाढतात.

एक गोष्ट मात्र ओब्वेगेझर यांच्या पहिल्या छेदापासून आजवर पूर्ण सुटलेली नाही. खालच्या जबड्याच्या आतून, नेमक्या चिरायच्या जागेजवळून, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती सहसा कापली जात नाही, पण ताणली जाते, दाबली जाते. शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिर असणे जवळजवळ नेहमीचे असते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींच्या ओठाचा एखादा भाग कायम मुका राहतो. संगणकावर आखणी होते, नसेचा मार्ग त्रिमिती चित्रात आधी दिसतो, कंपनांनी कापणारी अवजारे आली आहेत, तरी हा धोका शून्यावर आलेला नाही. ज्याला घास चावता येत नाही, श्वास पुरत नाही किंवा तोंड मिटत नाही, त्याला हा सौदा बहुधा मान्य असतो. ज्याचे दात नीट जुळतात आणि जो केवळ बाजूने काढलेल्या फोटोतली रेषा बदलू पाहतो, त्याने सही करण्यापूर्वी सर्जनला या नसेबद्दल स्वतःहून विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.